मीठ-साखरेच्या पाण्याचं बळ पेशीच्या दारात आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे न बनवलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात किंवा वेष्टनावर ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं द्रावण) ही अक्षरं छापायची नाहीत, मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही नाहीत. त्याआधी ‘हे ओआरएस नव्हे’ अशी एक ओळ छापली की भागत होतं. ती सवलत गेली. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर त्यासाठी कितीतरी वर्षं लढत होत्या.

ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या शेजारचं बाळ आठवलं. दोन वर्षांचं पोर, सकाळपासून जुलाब. त्याच्या आईनं दुकानातून असंच एक खोक्यातलं गोड पेय आणलं आणि दिवसभर चमच्याचमच्यानं पाजलं. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, रडत होतं पण डोळ्यांतून टिपूस नव्हतं. दवाखान्यात सलाइन लावलं, पोर सावरलं. पण त्या आईचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. “ताई, त्यातही पाणी, मीठ, साखरच ना? जरा इकडंतिकडं झालं तर एवढं काय बिघडतं?”

मी नववीला विज्ञान शिकवते. या प्रश्नाचं उत्तर माझ्याच पुस्तकात, ‘पेशी’ नावाच्या धड्यात आहे, आणि आम्ही ते ‘पेशीपटलाची कार्ये लिहा’ या तीन गुणांच्या प्रश्नापुरतं शिकवून मोकळे होतो, याची मला त्या दिवशी फार बोच लागली. म्हणून हा लेख.

काकडीला मीठ लावलं की पाणी का सुटतं?

कोशिंबिरीसाठी काकडी चोचवा आणि चिमूटभर मीठ लावून ठेवा. दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी. हे पाणी काकडीच्या पेशींच्या आत होतं. बाहेर खारटपणा वाढला तसं ते बाहेर आलं. उलट प्रयोग मनुक्यांचा: साध्या पाण्यात रात्रभर ठेवले तर टपोरे फुगतात.

नियम एकच. पाण्यात काही विरघळलेलं असलं की त्या कणांची गर्दी होते, आणि पाणी नेहमी कमी गर्दीकडून जास्त गर्दीकडे जातं. याला पुस्तकात परासरण म्हणतात. लक्षात ठेवायचं ते असं, की पाण्याला ओढून नेणारा पंप शरीरात कुठेच नाही. पाणी हलवायचं तर आधी मीठ किंवा साखर हलवावी लागते, पाणी त्यांच्या मागून जातं. म्हणून पोटात पाणी ओतणं आणि ते पाणी अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण काकडीतलं पाणी बाहेर आलं, तर बाहेरचं मीठच आत का गेलं नाही? गर्दी तशीही सारखी झाली असती. ते गेलं नाही, कारण मध्ये एक भिंत आहे. पाण्याला ती वाट देते, मिठाला देत नाही. ही भिंत म्हणजे पेशीपटल.

भिंत कशाची बनली आहे?

मिसळीवरची तर्री आठवा. दोन थेंब जवळ आले की मिसळून एक होतात, आणि कितीही ढवळलं तरी तेल पाण्यात विरघळत नाही. पेशीपटल मुळात असंच आहे, तेलासारख्या मेदाचं.

त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना अजिबात सोसत नाही. काड्यापेटीतल्या काड्या घ्या. एक रांग गूल वर करून उभी करा, तिच्याखाली दुसरी रांग गूल खाली करून लावा, म्हणजे काड्यांची लाकडी टोकं मधोमध समोरासमोर आली. वर पाणी, खाली पाणी, आणि मध्ये पाण्यापासून लपलेल्या शेपट्या. ही रांग कुणी लावत नाही. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपणहून अशी दुहेरी चादर करतात आणि ती फाटली तर तर्रीसारखी आपोआप सांधली जाते.

ही दुहेरी रांग १९२५ साली हॉलंडमधल्या लायडन गावी खोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी ओळखली, तीही किती साध्या युक्तीनं! त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला सगळा मेद काढला आणि पाण्यावर एका थरात पसरवला. त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली गेली. म्हणजे पेशीवर मेदाचे दोन थर असणार. पुढे कळलं की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं, पण दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं. उत्तर बरोबर निघालं.

जाडी किती? साधारण ५ नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशा २०,००० चादरी एकावर एक मावतील. आणि ही चादर गोठलेली नाही, तिच्यातले रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात. त्या मेदाच्या पातळ सायीत मोठमोठी प्रथिनं तरंगत असतात, काही या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये हे चित्र मांडलं आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह ते आजही टिकून आहे.

मग मीठ-साखर आत जातात कुठून?

मेदाच्या थरातून कोण जाऊ शकतं, हे आता तुम्हीच सांगू शकाल. ज्याला तेलाशी जमतं तो. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात. मद्य जातं, म्हणून ते इतक्या लवकर चढतं. भूल देण्याची अनेक औषधंही याच वाटेनं जातात.

मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभार असलेले दोन कण होतात. भारित कणाला तेलात शिरता येत नाही. ग्लुकोजवर भार नाही, पण तो मोठा आहे आणि पाण्याला घट्ट चिकटून राहणारा आहे, त्यालाही भिंत बंद. पाणी थोडंफार झिरपतं, पण झिरपणं पुरत नाही अशा ठिकाणी, मूत्रपिंडात किंवा तांबड्या पेशींत, पाण्यासाठी खास बोगदे असतात. ते पीटर ॲग्रे यांना १९९२च्या सुमारास सापडले, त्याबद्दल त्यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बाकी सगळ्यांसाठी दारं आहेत, म्हणजे ती आरपार बसलेली प्रथिनं. काही दारं नुसती उघडझाप करतात: गर्दीतून मोकळ्या जागेकडे जायचंय ना, मग जा. काही मात्र उलट दिशेनं, मोकळ्याकडून गर्दीकडे, माल चढवतात. त्याला ऊर्जा लागते. ओआरएसची सगळी किमया या दुसऱ्या प्रकारात आहे, म्हणून इथं जरा थांबू.

गच्चीवरची टाकी आणि पाणचक्की

आतड्याच्या पेशीला दोन बाजू असतात. एक तोंड आतड्यातल्या अन्नाकडे, दुसरी पाठ रक्ताकडे. पाठीच्या बाजूला एक पंप अहोरात्र चालू असतो. दर फेरीला तो ३ सोडियम पेशीबाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो शोधला, नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा पंप आहे आणि आपण नुसते पडून असतो तेव्हाही खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्याला लागतो.

एवढा खर्च कशासाठी? आपण मोटर लावून गच्चीवरची टाकी भरतो तशासाठी. एकदा पाणी उंचावर चढलं की खाली येताना ते काम करतं. पंपानं सोडियम सतत बाहेर काढल्यामुळे पेशीच्या आत सोडियम फार कमी, बाहेर कितीतरी जास्त. बाहेरचं सोडियम आत कोसळायला टपलेलंच असतं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर पुढचं लगेच कळेल. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळांतून आणून उंचीवरून सोडलं आहे आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर जातं फिरतं. पेशीच्या तोंडाकडच्या बाजूला असंच एक दार आहे. त्यातून सोडियम आत कोसळतं आणि त्या जोरावर ग्लुकोज आत ओढला जातो. २ सोडियम आणि १ ग्लुकोज, असे तिघं एकत्र आले तरच दार नीट फिरतं. नुसतं मीठ आलं तर या दारातून जात नाही, नुसती साखर आली तर तीही खोळंबते. आत गेल्यावर ग्लुकोज पाठीच्या दुसऱ्या दारानं रक्तात उतरतो, सोडियमला पंप रक्ताकडे ढकलतो. रक्ताच्या बाजूची गर्दी वाढली. मग पाणी? ते काकडीच्या नियमानं आपोआप मागून येतं, काही पेशींतून, काही पेशींच्या मधल्या फटींतून.

मीठ आणि साखर हातात हात घालून जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग इथल्या एका परिषदेत मांडली. तिच्यातून किती जीव वाचणार आहेत याचा अंदाज तेव्हा तिथं कुणाला आला असेल असं मला वाटत नाही.

पटकी काय बिघडवते, आणि काय बिघडवू शकत नाही

निरोगी माणसाच्या आतड्यात दिवसाला ८-९ लिटर पाणी येतं. आपण पितो ते २ लिटरच्या आसपास. बाकी लाळ, पित्त, जठररस, आतड्याचे पाझर. त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषलं जातं, शौचावाटे जातं जेमतेम १००-२०० मिलिलिटर. इतकं मोठं येणं-जाणं रोज चालू असतं, म्हणून तोल जरा ढळला तरी माणूस काही तासांत कोरडा पडतो.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूचं विष हा तोल ढळवतं. कॉलऱ्याचे जंतू असं विष सोडतात हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं, आणि त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. हे विष पेशीच्या आतली एक कळ दाबून धरतं. त्यामुळे क्लोराइडचं दार उघडंच राहतं. क्लोराइड आतड्यात ओतलं जातं, त्याच्यामागे सोडियम, त्यांच्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला १ लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. मीठ शोषणाऱ्या काही वाटाही हे विष बंद करतं.

पण मीठ-साखरेच्या जोडीचं दार त्याला बंद करता येत नाही. घराला आग लागली आणि पुढचं दार पेटलं, तरी मागचं शाबूत असावं तसं. नुसतं पाणी पाजलं तर ते या दारातून जाऊ शकत नाही, कारण ओढून न्यायला कुणी नाही. मिठाचं पाणी पाजलं तरी तेच. साखर सोबत दिली की दार फिरायला लागतं.

बनगाव, १९७१

बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीवरच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर ओळीनं पडलेले, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस तिथं काम करत होते. ढाक्यात १९६८ मध्ये नालिन आणि कॅश यांनी तोंडानं द्यायच्या द्रावणाचा प्रयोग रुग्णांवर यशस्वी केला होता, पण तो रुग्णालयाच्या देखरेखीखाली. इथं देखरेखीला माणसंच नव्हती.

महालनबीस यांनी ग्लुकोज, साधं मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या: १ लिटर पाण्याला २२ ग्रॅम, ३.५ ग्रॅम आणि २.५ ग्रॅम. ते पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्यावर सोपवलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. या उपचारावर आलेल्यांत ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली उतरलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं १९७८ मध्ये या शोधाला शतकातली बहुधा सर्वात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

थोडी साखर जास्त पडली तर काय बिघडतं?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. आजच्या ओआरएसच्या १ लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. पोटॅशियम जुलाबांत गेलेलं भरून काढतं, सायट्रेट रक्तातलं वाढलेलं आम्ल सावरतं.

ग्रॅम बाजूला ठेवून कणांची संख्या मोजू. त्यासाठी मिलिमोल नावाचं माप आहे, केळ्यांना डझन असतो तसं. लिटरला सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. बेरीज २४५. आपल्या रक्तातली गर्दी २९०च्या आसपास. म्हणजे आतड्यात रक्तापेक्षा कमी गर्दी, म्हणून पाणी रक्ताकडे जायला राजी. आणि सोडियम-ग्लुकोज बरोबरीनं, म्हणून जोडीचं दार फिरतं राहतं.

डबाबंद सफरचंदाच्या रसात ही गर्दी ७००च्या घरात जाते आणि सोडियम जवळजवळ नसतंच. साखर दारापाशी खोळंबते, आतड्यात गर्दी वाढते, आणि काकडीच्याच नियमानं पाणी उलट्या दिशेला जातं: रक्तातलं पाणी आतड्यात येतं. जुलाब वाढतात. शीतपेयांचं आणि त्या खोक्यातल्या गोड पाण्यांचं दुखणं हेच. आधीच कोरड्या पडलेल्या बाळाच्या अंगातून आपण आपल्याच हातानं आणखी पाणी काढत असतो.

सुरुवातीच्या ओआरएसमध्येही साखर-मीठ जास्त होतं, एकूण गर्दी ३११. ती २००२ मध्ये २४५ वर आणली गेली, कारण तेवढ्यानं मुलांच्या उलट्या आणि जुलाब कमी झाले, सलाइनची गरजही घटली. जगभरच्या डॉक्टरांनी ३११ आणि २४५ मधल्या फरकासाठी एवढे कष्ट घेतले, तिथं साखरेनं भरलेल्या पेयावर ‘ओआरएस’ लिहिलेलं असणं मला अक्षम्य वाटतं.

मीठ जास्त झालं तरी धोकाच. तान्ह्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढलं तर मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जाऊन झटके येऊ शकतात. ‘अर्धं पाकीट अंदाजानं एका पेल्यात’ हे म्हणूनच करू नये.

“पण ओआरएसनं जुलाब थांबतच नाहीत”

खरं आहे. क्लोराइडचं उघडं दार ओआरएस बंद करत नाही. पुढच्या दारानं जेवढं जातंय तेवढं मागच्या दारानं आत आणत राहणं, एवढंच त्याचं काम. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप आटोक्यात येतात. माणूस मरतो तो जुलाबानं नव्हे, पाणी आणि क्षार संपल्यानं. मुलांना सोबत १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्यानं जुलाब लवकर आवरतात. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं, घोट घोट. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी वेळ घालवू नये. थेट दवाखाना गाठावा, सलाइन लागू शकतं.

मधुमेह असलेल्यांनी काय करायचं?

लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज तीन चमच्यांएवढाच. जुलाबानं पाणी जात असताना तो घ्यायला मधुमेहींनीही घाबरू नये, साखर तपासत राहावं. मात्र उन्हाळ्यात रोजचं सरबत म्हणून ओआरएस पिऊ नये, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच. हे औषध आहे.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. मूत्रपिंडातही याच दाराचं भावंड असतं, ते लघवीत उतरलेली साखर परत रक्तात ओढतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं तेच दार अडवतात, म्हणून साखर लघवीवाटे निघून जाते. पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आता पुष्कळ घरांत आहेत. साखरेबरोबर पाणीही जातं, त्यामुळे जुलाब-उलट्या सुरू झाल्या की या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावं.

आणि जोडीचं दार किती मोलाचं, हे पाहायचं तर अत्यंत विरळा अशी काही बाळं आहेत, ज्यांच्यात ते जन्मतःच बिघडलेलं असतं. आईच्या दुधातल्या साखरेनंही त्यांना जीवघेणे जुलाब होतात. त्यांना फ्रुक्टोजवर वाढवावं लागतं, कारण फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे, त्याला सोडियम लागत नाही.

पेज, ताक आणि नारळपाणी

पाकीट हाताशी नसेल तर? १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नको, वरून सुरी फिरवून सपाट करावा. चव घ्यावी, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं. घरातली साखर आतड्याच्या पेशींच्या तोंडाशी फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणून तीही चालते. यात पोटॅशियम नसतं, तेवढं पाकीट सरस.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून एकट्यावर भिस्त ठेवू नये. मीठ घातलेलं ताक चांगलं. आणि कोकणात आजाऱ्याला देतात ती मीठ घातलेली भाताची पातळ पेज तर फारच चांगली. भाताचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. हजारो ग्लुकोजची माळ विरघळली तरी गर्दीत तिची गणना एक कण अशी होते, त्यामुळे पेज आतड्यात पाणी ओढत नाही. माळ हळूहळू तुटते तसा ग्लुकोज दारापाशी येत राहतो आणि पेजेतलं मीठ घेऊन आत जातो. कॉलऱ्यात तांदळाच्या पिठाचं ओआरएस वापरून पाहिलं गेलं, तेव्हा जुलाबांचं प्रमाण ग्लुकोजच्या ओआरएसपेक्षाही कमी राहिलं.

शेजारचं ते बाळ आता बालवाडीत जातं. त्याच्या आईनं स्वयंपाकघरातल्या एका काचेच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशनं १ लिटरची खूण केली आहे आणि पाकिटं तिच्याशेजारीच ठेवते. खुणेपर्यंत पाणी, पूर्ण पाकीट, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.